तोमीबाईला दिसेल अशा जागी

लोक काश्मीरला जातात, काशीला जातात आणि परत आल्यावर सहा महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सुखानं जेवू देत नाहीत. मी मंगरूळपीरहून इंझोरीला गेलो आणि तिथून वाशीमवरून अनसिंगला. तीन दिवस लागले. तुम्ही पुण्या-मुंबईकडचे वाचक या मुलखात आलेला नाहीत, आणि तुमचे चेहरे बघता पुढेही याल असं वाटत नाही, म्हणून लिहितो. माझ्याबरोबर दोन जपानी होते, एक जीप होती, आणि जीपच्या मागे एवढी धूळ उठली होती की कारंज्याला त्या दिवशी भरदुपारी कंदील लावावे लागले म्हणतात. हे मी पाहिलेलं नाही. पण ज्यानं सांगितलं तो माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतो.

त्र्याहत्तरचा दुष्काळ मागे पडून दोन हिवाळे झाले होते. थंडी सरत आलेली, पळसाला नुकती केशरी टोकं फुटलेली, शेतात कापसाची शेवटची वेचणी आणि अंगणाअंगणात मिरच्या वाळत पडलेल्या. अशा दिवसांत हे दोघं आमच्याकडे आले ते जाहिरात काढायला. तिकडे करी नावाचा एक मसाला मिळतो. साबणाच्या वडीसारखी वडी असते, उकळत्या पाण्यात टाकली की कालवण तयार. त्या वडीची जाहिरात त्यांना टीव्हीवर दाखवायची होती, आणि साहेबांच्या डोक्यात असं होतं की हळद जिथे पिकते तिथल्या माणसांची जेवणारी पंगत दाखवायची. मुंबईत त्यांनी चौकशी केली. हळद पिकते अशी गावं पुष्कळ निघाली. पण ज्या गावाजवळ जपानी बोलणारा माणूस आहे असं गाव साऱ्या हिंदुस्थानात एकच निघालं.

तो माणूस मी.

मंगरूळपीर

माझं जपानी कसं आहे ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे फसवलं म्हणू नका. नागपूरला एक जपानी भन्तेजी आले होते. त्यांनी आमच्या बौद्ध समाजातली सहा पोरं वर्षभर शेती शिकायला तिकडे नेली. त्यांत मी होतो. आता कचेरीत कारकून आहे, ती शेती कुठे गेली ते विचारू नका. तिकडे मला एका खेड्यात एका म्हाताऱ्या बाईच्या घरी ठेवलं. तिचं नाव तोमी. मी तिला तोमीबाई म्हणायचो. नवरा वारलेला, एकुलता मुलगा टोकियोत. बाईकडे बोलायला कुणी नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं, त्यामुळे आमचं फार जमलं. संध्याकाळ झाली की ती टीव्ही लावायची आणि मी त्याच्यासमोर बसून भाषा शिकायचो.

आता गंमत ऐका. तोमीबाई कार्यक्रम बघत नसे. कार्यक्रम लागला की आवाज बारीक करून ती विणकाम घ्यायची, आणि जाहिरात लागली की सुया ठेवून आवाज मोठा करायची. त्याही जाहिराती खाण्याच्याच. सोयाबीनचं काळं पाणी बाटलीत विकतात तिकडे, त्याचा एक थेंब माशावर पडला की कोळ्याच्या मागे सूर्य उगवायचा. पांढरी चव म्हणून एक पूड मिळते, तिची डबी घेऊन एक बाई घरातल्या दिसेल त्या भांड्यावर शिंपडत सुटायची. मला वाटायचं आता नवऱ्याच्या डोक्यावरही शिंपडते. आंबवलेल्या डाळीच्या कढीची वाफ उठायची आणि वाफेतून एक पोरगी "आई" अशी हाक मारायची. आणि शेवटी, जाहिरात कशाचीही असो, एक बुटकं टेबल, त्याच्याभोवती घरातली सारी माणसं, आजोबापासून तान्ह्यापर्यंत, आणि मध्ये वाफाळतं भांडं. तोमीबाई बोटानं ती माणसं मोजायची. "सहा," म्हणायची. एकदा आठ निघाली, तर त्या दिवशी तिनं मला दोनदा वाढलं.

म्हणजे माझं सगळं जपानी जाहिरातीतलं. मला "दवाखाना कुठे आहे" म्हणता येत नाही, पण "चिमूटभर टाका आणि नवऱ्याचं तोंड बघा" हे मी झोपेतही म्हणतो.

मोरिता साहेब मंगरूळपीरच्या स्टँडवर उतरले तेव्हा लांबुळके, टोपीवाले, हातात कागदाची सुरळी. मागून कॅमेऱ्याची पेटी घेऊन दुसरे उतरले, ओका त्यांचं नाव. ओका बोलत नसत. जीपवाले हबीबभाई, मंगरूळचेच, त्यांनी पाच मिनिटांत त्यांचं नाव मुकेसाब ठेवलं. मोरिता साहेबांनी कमरेत वाकून मला काहीतरी विचारलं. मागाहून कळलं की इंझोरीचा रस्ता बरा आहे का, असं विचारलं होतं. मी तितकंच वाकून जे तोंडात आलं ते म्हणालो, "गरम पाणी ओता आणि तीन मिनिटं थांबा."

साहेबांनी जीपकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि टोपी खाली पडेपर्यंत हसले. पुढे आमचं इंग्रजीत निभावलं. त्यांचं इंग्रजी माझ्या जपानीइतकंच होतं, त्यामुळे कुणाचा कुणावर उपकार नव्हता.

दर्ग्याच्या वाटेवर चहाचं दुकान आहे, तिथे आम्ही बसलो. मी खिशातून एक पाकीट काढलं. ते मी वर्षभर खिशात वागवत होतो. परत आल्यावर मी तोमीबाईला पत्र लिहिलं होतं, ते सात महिन्यांनी माझं मलाच परत आलं होतं. पाकिटावर जांभळ्या शाईचा एक शिक्का, त्यात चार जपानी अक्षरं. साऱ्या वऱ्हाडात ती अक्षरं वाचणारं कुणी नव्हतं. मला वाटे, हे बाई वारल्याचंच असणार. मग वाटे, मेलेल्या माणसाला शिक्का कोण मारील? असं मी रोज सकाळी एकदा आणि रात्री एकदा म्हणायचो.

मोरिता साहेबांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. माझ्या बशीतला चहा थंड झाला.

"घर सोडून गेल्या," ते म्हणाले. "नवा पत्ता माहीत नाही."

"म्हणजे जिवंत आहेत?"

"मृत असत्या तर दुसरा शिक्का असता."

"शोधता येईल का?"

"मुलाकडे गेल्या असतील. मुलाचं नाव काय?"

आणि मला मुलाचं नाव माहीत नव्हतं. वर्षभर एका घरात राहिलो, त्या मुलाच्या अंथरुणात झोपलो, त्याचे जुने बूट घातले, आणि ती त्याला नुसतं 'मुलगा' म्हणायची म्हणून मीही कधी विचारलं नाही. टोकियोत मुलगे किती असतील, तुम्हीच सांगा.

हबीबभाईंना सगळं कळलं नव्हतं, पण माझं तोंड कळलं. ते म्हणाले, "काहून बे, सुखदेव? बुढी मिली नै क्या?"

"हाय," मी म्हणालो, "पन कुठी हाय ते मालूम नाही."

"तो फिर टीव्ही पे दिख जा ना. देखती है ना वो?"

हबीबभाई अंगठ्याचे धनी. पण असं डोकं तुमच्या विद्यापीठात सापडणार नाही. चिठ्ठीला पत्ता लागतो, जाहिरातीला लागत नाही. बाई टोकियोत असो की समुद्राच्या तळाशी, संध्याकाळी खाण्याची जाहिरात लागली की ती सुया ठेवणार, आवाज मोठा करणार आणि माणसं मोजणार. त्या माणसांत एक तोंड माझं असलं की झालं. सुखदेव सुखरूप आहे, जेवतो आहे, जाडही झाला आहे, हे सगळं एका क्षणात पोचणार.

मी चहा एका घोटात संपवला. जाहिरातीत माझं तोंड आलंच पाहिजे, मग ते कॅमेऱ्यापुढे घालायला मला बैलाच्या शिंगावर बसावं लागलं तरी चालेल.

इंझोरी

इंझोरीचे पाटील मोठे जमीनदार, हळदीचं चांगलं तीन एकराचं वावर. खणलेली हळद त्यांच्या मळ्यात काहिलीत शिजत होती. तो वास एकदा नाकात गेला की आठ दिवस भातही पिवळाच लागतो. मोरिता साहेबांचा जीव त्या पिवळ्या वाफेवर जडला. आणि पाटलांचा जीव मोरिता साहेबांवर जडला.

बाहेरचे साहेब येणार म्हणून पाटलांनी काय करावं? भर उन्हात लग्नातला काळा कोट घातला. गड्यांना धुवट टोप्या दिल्या. बैलांची शिंगं रंगवली. आणि ओट्यावर टेबल मांडून डबलरोटी, बिस्किटं, आणि चिनीमातीच्या कपात चहा. माझे वडील ज्या ओट्याच्या खाली उभे राहून बोलायचे, त्या ओट्यावर पाटलांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची सरकवली. मी तिच्यावर थोडा जास्तच वेळ बसलो.

साहेब बिस्किटांकडे बघून म्हणाले, "हे लोक रोज हेच खातात का?"

मी पाटलांना सांगितलं, "साहेब म्हनतात, रोजचं जेवन दाखवा."

"रोजचं कायले?" पाटील हळू आवाजात म्हणाले. "भाकर-ठेचा दाखवू का साहेबाले? तिकडं जाऊन सांगन ना, हिंदुस्थानात मिरच्या खाऊन जगतात म्हनून."

"तेच पाहाले आले ते."

"तू गप बस. मले शिकवतं."

तरी भाकर आली, कारण पाटलीणबाईंनी आतून परस्पर पाठवली. सोबत ओल्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. मोरिता साहेबांनी घाबरत घाबरत कणभर घेतला. मुकेसाबांना मात्र वाटलं ही कोथिंबीर आहे, आणि त्यांनी चमचाभर तोंडात टाकला. पुढे काय झालं ते मी शपथेवर सांगतो. मुकेसाब आधी लाल झाले, मग जांभळे, मग चहाच्या कपासारखे पांढरे. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पहिल्यांदा बोलले. जे बोलले ते मला समजलं नाही, पण खूप लांब वाक्य होतं, आणि ते संपेपर्यंत रंगवलेल्या शिंगांचे दोन्ही बैल वावराच्या दुसऱ्या टोकाला गेले होते.

"गुंगा बोल्या," हबीबभाई म्हणाले. "ये ठेचा दर्ग्यात भेजना मंगता."

या गोंधळात मी माझं काम करत होतो. हळदीच्या काहिलीचं चित्र घेताना मी सहज, काही सापडत नसल्यासारखा, वाफेच्या मागून गेलो. साहेबांनी हात हलवून बाजूला केलं. मग मी बैलाच्या मानेआडून तोंड काढलं. मग कापसाच्या ओझ्याखाली डोकं घालून मजुरांच्या रांगेत शिरलो. ओझं पडलं आणि आत मी निघालो. साहेब चिडले नाहीत. जपानी माणूस चिडला तर हसतो, आणि ते फार वाईट असतं.

"सुखदेव-सान," ते म्हणाले, "तुम्ही दुकानातल्या विक्रेत्यासारखं हसता. लोकांना वाटेल हाच वडी विकतो आहे."

आता मी हसायला शिकलो ते त्यांच्याच जाहिरातीत बघून, हे त्यांना कसं सांगू?

एवढं करून इंझोरीत जेवणाचं चित्र झालंच नाही. पाटील कोट काढीनात आणि टेबल उचलू देईनात. त्यांची चूक नव्हती. पाहुण्याला आपल्या घरातलं साधं दाखवणं म्हणजे त्याचा अपमान, असं आमच्याकडे पक्कं आहे. तोमीबाईच्या घरी उलटं. पहिल्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघर दाखवलं, मग मुलाची रिकामी खोली, आणि शेवटी नवऱ्याचा फोटो. तिचं दाखवून संपलं, तेव्हा मी घरचा झालो होतो.

परत जीपमध्ये बसताना साहेबांनी सुरळी उघडून चित्र दाखवलं. पेन्सिलीनं काढलेलं. गोल बसलेली माणसं, मध्ये भांडं, आणि भांड्याला लागून एक म्हातारी बाई, तोंडाशी घास नेलेली.

"ही हवी," ते म्हणाले. "घरातली आई, जेवताना. हिच्याशिवाय जाहिरात नाही. उद्या मिळाली नाही तर आम्ही दुसऱ्या राज्यात जातो."

"मिळेल," मी म्हणालो. "माझी मावशी आहे. राष्ट्रपती तिच्या हातचं जेवायला येणार होते, पण रस्ता खराब होता."

वाशीमला मुक्काम झाला. त्यात सांगण्यासारखं एवढंच की तिथल्या ढेकणांनी पहिल्यांदाच परदेशी माल चाखला आणि सकाळपर्यंत आमच्या हबीबभाईंकडे ढुंकून पाहिलं नाही.

अनसिंग

अनसिंगला गयामावशी राहते, माझ्या आईची थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनंच पाहिलं. मजुरी करून दोन लेक वाढवले. थोरला शामराव शाळेत शिपाई आहे, धाकटा किसन शेती करतो. शामरावची बायको शांता आणि त्यांच्या दोन मुली. घर दोन खणांचं, सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर.

मोरिता साहेब दारात वाकले, मग तसबीर दिसली तसे पुन्हा वाकले, आणि या वेळी फार वेळ. मावशी चुलीपासून बघत होती. तिनं मला खुणेनं बोलावलं.

"सुखदेवा, हे आपल्यातले हायत काय रे?"

"हाव, मावशी."

"अन् तो मुका?"

"तोही."

"मंग पहिले नाही का सांगाचं? मी आपली मघापासून भेऊन राह्यली, का कोन हायत अन् कोन नाही." तिनं पदर डोक्यावरून मागे सारला. "काय खातात रे आपल्यातले तिकडं?"

"भात अन् मासे. अन् सोयाबीनचं काळं पानी."

"बाप्पा," मावशी म्हणाली, आणि वांग्याच्या भाजीत तेल वाढवलं.

जेवण तयार झालं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, बेसन, जवसाची चटणी. साहेबांची वडी मी एका वाटीत उकळून भाजीशेजारी ठेवली, म्हणजे वडीच्या कंपनीवाल्यांचं समाधान. ऊन दारातून आत येऊन बरोबर भांड्यावर पडत होतं. मुकेसाबांनी तीन पायांवर कॅमेरा उभा केला आणि त्या उन्हाकडे असं पाहिलं, की मला ते पहिल्यांदा आवडले.

आता माझी पाळी होती. मी पहाटेच दाढी करून आलो होतो, आणि साहेबांना गंभीरपणे सांगितलं, "आमच्यात पद्धत आहे. भाचा पंगतीच्या मध्ये बसतो. पूर्वेकडे तोंड करून." पूर्व म्हणजे जिकडे कॅमेरा होता तिकडे. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. शामराव माझ्याकडे बघत होता, पण आमच्या घरात मी परदेशी गेलेला, त्यामुळे मला कुणी टोकत नाही. बसलो मध्ये. एका बाजूला शामराव, दुसऱ्या बाजूला किसन, पोरी पुढे. मी हसलो नाही. फक्त तोमीबाईच्या घरी भूक लागल्यावर करायचो तसं तोंड केलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी आत आलो होतो. टोकियोपर्यंत मला कुणी हलवू शकत नव्हतं.

"आता आई," साहेब म्हणाले.

मावशी भाकरीची पाटी घेऊन आमच्या मागे उभी होती.

"मावशी, बस," मी म्हणालो.

"मी?"

"हाव. तू अन् शांतावहिनी. सारे संगं जेवा म्हनते साहेब."

शांता चुलीमागे हसायला लागली. मावशीला मात्र हसू आलं नाही.

"मी बसली तं वाढन कोन?"

हे साहेबांना सांगायला मला दहा मिनिटं लागली. ते म्हणाले, भांडं मध्येच आहे, प्रत्येकानं आपापलं घ्यावं. मी ते मावशीला सांगितलं आणि लगेच वाटलं, सांगायला नको होतं.

"आपल्या हातानं वाढून घ्याचं?" मावशी म्हणाली. "मी जित्ती असताना? माही पोरं भिकारी हायत काय?"

"आई, दोन मिन्टाचं काम हाय," शामराव म्हणाला.

"दोन मिन्टं असो का दोन घडी. तुह्या बापाले मी कदी आपल्या हातानं भाकर नाही घेऊ देली."

आणि हे खरं होतं. मावशीला मी जन्मभर पाहिलं, पण जेवताना कधी पाहिलं नव्हतं. आधी पुरुष, मग पोरं, मग सून, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर भांड्यात उरेल ते घेऊन ती चुलीकडे तोंड करून बसायची. तोमीबाईचंही तसंच असेल का, जेव्हा तिच्या टेबलाभोवती माणसं होती? ते मी विचारलं नव्हतं. तेवढं जपानी येत नव्हतं.

ऊन भांड्यावरून सरकायला लागलं. साहेब हसले. मघाशी सांगितलं ते हसणं. "आई जेवणार नसेल तर जाहिरात नाही," ते म्हणाले आणि सुरळी गुंडाळायला लागले. मुकेसाबांनी कॅमेऱ्यावर कापड टाकलं.

मी मांडी घालून मध्येच बसलेलो होतो. पूर्वेकडे तोंड. गुळगुळीत दाढी. मला शेजारून किसनच्या ताटलीचा वास येत होता. हबीबभाई दारात उभे होते. त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता विडी शोधत होते.

तोमीबाई कुठल्यातरी खोलीत आवाज मोठा करील. घरातली सगळी माणसं बसलेली नसतील तर ती मोजणार कुणाला? आणि नुसतं माझं तोंड एकट्यानं दिसायला लागलं, तर ते मीठ-मसाल्याच्या दुकानातलं तोंड होईल. तिला ओळखू येईल, पण तिचं पोट भरणार नाही.

मी उठलो. मावशीच्या हातातली पाटी घेतली.

"मी वाढतो," मी म्हणालो. "तू बस."

"तू? तुले वाढता येते काय?"

"येते. तिकडं एक बाई होती, तिनं शिकवलं."

हे अर्धंच खरं. तोमीबाईनं मला पळी धरायला शिकवली होती. भाकरी कुठल्याही देशात कुणी मला वाढायला शिकवलं नव्हतं.

मावशीनं साहेबांकडे पाहिलं, शामरावकडे पाहिलं. मग माझ्या जागेवर बसली. आधी अवघडून, एक गुडघा वर, कधीही उठता यावं अशी. तिनं शांताला हाक मारली, "ये वं, तूही. सासूच बसली तं तुले कायची लाज?" शांता सासऱ्यांच्या वेळची लाज तोंडावर घेऊनच आली आणि पोरींच्या मागे टेकली. मुकेसाबांनी कापड ओढून काढलं. कॅमेरा घरघरायला लागला.

मी बाजूनं वाकून मावशीच्या ताटलीत भाकर ठेवली. वाकडी पडली. तिनं ती सरळ केली, तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिचा गुडघा खाली आला. किसन आईकडे बघत होता, जेवायचं विसरून. धाकटी पोरगी म्हणाली, "आजी जेवून राह्यली," आणि सगळे हसले, मावशीसुद्धा, तोंडात घास असताना, हात तोंडापुढे धरून.

कॅमेऱ्यात माझा एक हात आला असेल, मनगटापर्यंत, भाकर धरलेला. तोंड कुठेही नाही. मी मुकेसाबांना खुणेनं विचारलं, त्यांनी दोन बोटांत इंचभर अंतर दाखवलं. एवढाच.

कॅमेऱ्याची घरघर बंद झाली. पेटीतली फिल्म संपली. साहेब जोरात "ओईशी" म्हणाले, म्हणजे झकास चव लागली. मग स्वतः खाली बसून त्यांनी वांग्याची भाजी मागून घेतली. वडीच्या वाटीकडे कुणी पाहिलं नाही.

मावशी उठली नाही. उठायचं तिच्या लक्षातच आलं नाही. मी तिला चौथी भाकर वाढत होतो तेव्हा तिनं वर पाहिलं.

"काय रे सुखदेवा. एवढी दाढी-गिढी करून बसला होता मधात. अन् उठला काहून?"

मी तिला सांगितलं. तोमीबाई, रिकामी खोली, परत आलेलं पाकीट, सुया खाली ठेवून माणसं मोजणं. सांगताना मी एकही गोष्ट वाढवली नाही, आणि हे माझ्याकडून पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे गोष्ट लवकर संपली.

मावशी थोडा वेळ जवसाची चटणी बोटानं सारखी करत राहिली.

"लेकाच्या घरी एकटीच बसत असन ते," ती म्हणाली. "टोकियो का काय ते. तिथं लेक कामाले जात असन, सून जात असन."

"असन."

"अन् ह्या डब्यातून तिले दिसते सारं?" तिनं कॅमेऱ्याकडे हनुवटी केली.

"दिसते."

मावशीनं हात ताटलीत धुतला. पदर नीट केला. मग कॅमेऱ्याच्या काचेकडे तोंड करून, शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"तोमीबाई, मी गया. अनसिंगची. तुमचा सुखदेव इथं हाय, चांगला हाय. भाकर वाकडी वाढते, पन वाढते. तुमी त्याची चिंता नोका करू. त्यानं तुमच्या घरचं खाल्लं, ते आमाले मालूम हाय. अन् तुमी एकट्या बसून नोका जेवत जाऊ, बाई. जेवाच्या वक्ताले कोनाले तरी हाक मारत जा."

कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. मला ते ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं. मुकेसाब पेटीची कडी लावत होते. मावशीनं तोंड उघडलं तसे ते थांबले, परत कॅमेऱ्यामागे गेले, एक डोळा मिटून दुसरा काचेला लावला आणि हातानं ती बंद पडलेली कळ दाबून धरली. ती बोलत होती तोपर्यंत ते हलले नाहीत. तिचं झालं तेव्हा सरळ उभे राहिले आणि कमरेत वाकले.

मावशी माझ्याकडे वळली.

"पोचन ना रे?"

"पोचन."

ती उठली आणि तिनं माझ्या हातातली पाटी घेतली.

"मंग बस आता. थंडं होऊन राह्यलं."